मध्यम, त्यातल्या त्यात सोपा

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये उभं राहून उताराविषयी मत मांडायचं म्हणजे जरा धारिष्ट्याचंच काम. इथली जमीन इतकी सपाट की सायकलला ब्रेक असतो तो समोर आलेल्या गायीसाठी. उतारासाठी तो कुणाला दाबावा लागल्याचं ऐकिवात नाही. गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरवर, आणि सेंट्रल अव्हेन्यूवर चेंडू ठेवला तर कुठल्या बाजूला घरंगळावं हे त्याला संध्याकाळपर्यंत ठरवता येणार नाही. तरीही दर उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीकडे झुकला की याच सिविक सेंटरमध्ये, गुपचूपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या ठेल्याभोवती, आल्प्सचा विषय निघतो. इथल्या पोलाद प्लांटमधून निवृत्त झालेली मराठी मंडळी, त्यांची पुण्याला किंवा परदेशी स्थिरावलेली मुलं, आणि युरोप सहलीहून नुकतं परतलेलं एखादं जोडपं यांच्यात मग बर्फाच्या गोष्टी होतात. त्यात कुणी चुकून म्हणालाच की यंदा स्कीइंग केलं, तर ठेला क्षणभर आदराने गप्प होतो. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "फार अवघड असेल नाही हो?" आणि तो सज्जन माणूस खरं बोलून मोकळा होतो, "छे छे, सोपाच उतार होता, निळा." त्या एका शब्दासरशी त्याची पत पार घसरते, लोक पुन्हा चिंचेच्या पाण्याकडे वळतात. त्या माणसावर हा सरळ अन्याय आहे आणि त्याची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

आधी रंगांचा खुलासा. आल्प्समधल्या बर्फाळ उतारांना रंग दिलेले असतात. निळा म्हणजे सोपा, लाल म्हणजे मध्यम, काळा म्हणजे अवघड. फ्रान्सने निळ्याच्याही खाली अगदी नवशिक्यांसाठी हिरवा ठेवला आहे. जर्मन मानक सांगतं की निळा उतार २५ टक्क्यांपर्यंत, लाल ४० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे सगळा काळा. म्हणजे निळ्यावर शंभर मीटर आडवं गेलं की माणूस फार तर पंचवीस मीटर खाली आलेला असतो. मधला एखादा मोकळा तुकडा याहून उभा असला तर मानक तेवढं चालवून घेतं. 'मध्यम, पण त्यातल्या त्यात सोपा' हा जो प्रकार आहे तो निळ्याच्या वरच्या आणि लालच्या खालच्या टोकाला बसतो. नवशिका म्हटलं तर ज्याला राग येतो आणि तरबेज म्हटलं तर ज्याच्या पोटात गोळा येतो, अशा माणसासाठी तो बनवलेला असतो. या वर्णनात बसणारी माणसं जगात बहुसंख्य आहेत आणि त्यातली बरीचशी मराठी असावीत असा माझा संशय आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की कडा निसर्ग फुकट देतो आणि मैदानही फुकट देतो. मधला सोपा उतार मात्र माणसाला तयार करावा लागतो, रोज, खर्च करून, रात्रपाळीत. तेव्हा त्याला हसण्याआधी तो माल कसा बनतो ते पाहिलं पाहिजे. आणि हे समजून घ्यायला भिलाईइतकं योग्य गाव नाही.

पहिला आक्षेप असा की पंचवीस टक्के म्हणजे काय मोठंसं. परीक्षेत पंचवीस टक्के मिळवणाऱ्याला आपण नापास म्हणतो, म्हणून हा आकडा आपल्याला किरकोळ वाटतो. पण आगगाडीच्या हिशेबाने पाहा. मुंबई-पुणे लोहमार्गावर १८६३ साली सुरू झालेला बोरघाट हा मराठी माणसाच्या मनातला घाटांचा मुकुटमणी. तिथली चढण आहे ३७ मीटरला १ मीटर, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. तेवढ्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात आणि ती लोणावळ्यापर्यंत धापा टाकत ढकलत नेतात. ज्याला आल्प्समधले लोक सोपा म्हणून हिणवतात तो निळा उतार या बोरघाटाच्या नऊपट उभा असू शकतो. भिलाईत जे रूळ बनतात, आणि आता तर एका दमात १३० मीटर लांबीचे बनतात, त्यांपैकी कुठल्याही रुळावरची गाडी पंचवीस टक्क्यांच्या निळ्या उतारावर उभीसुद्धा राहील याची खात्री नाही. उलट घरातला जिना घ्या. पायरीची उंची १५ सेंटिमीटर आणि रुंदी २५ धरली तर उतार झाला ६० टक्के, म्हणजे मानकाच्या भाषेत शुद्ध काळा. आपल्या आज्या पंच्याहत्तरीतही पापडाचा डबा घेऊन रोज काळा उतार उतरतात आणि त्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. तात्पर्य, नुसत्या आकड्यावरून सोपं-अवघड ठरत नाही. पायाखाली काय आहे आणि थांबायची सोय आहे की नाही, यावर सगळं अवलंबून असतं. जिन्याला पायऱ्या असतात, रुळाला घर्षण तुटपुंजं असतं, आणि बर्फाला काय असावं हे रात्री यंत्र चालवणारा ठरवतो. त्याच्याकडे आपण येणारच आहोत.

त्याआधी डोळ्यांचा निकाल लावू, कारण दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो. फोटोतला उतार तर भयंकर दिसतो, मग हा गृहस्थ विनय म्हणून सोपा सांगत असेल, असं भाबडे लोक म्हणतात. याला उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या डेनिस प्रॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दिलं. त्यांनी लोकांना टेकड्यांसमोर उभं केलं आणि उतार किती अंशांचा वाटतो ते विचारलं. ५ अंशांची टेकडी लोकांना २० अंशांच्या आसपास वाटली, १० अंशांची तिसाच्या घरात. शिवाय तीव्र उतार वरून पाहिला तर खालून दिसतो त्याहूनही उभा भासतो. पुढे त्यांनी असंही दाखवलं की पाठीवर जड पिशवी असली की टेकडी आणखी उभी दिसते. हे ऐकून ज्याने कधी सासुरवाडीहून परतताना सामान उचललं आहे त्याला नवल वाटणार नाही; काही अभ्यासकांनी मात्र शंका काढली की प्रयोगात भाग घेणाऱ्यांना पिशवीचा हेतू आधीच कळत असेल आणि ते बिचारे मन राखण्यासाठी तसं बोलत असतील. पिशवीचं काहीही असो, मूळ मुद्दा टिकतो. निळ्या उताराची कमाल मर्यादा अंशांत मोजली तर साधारण १४ भरते, आणि वरच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला ती कितीतरी जास्त दिसते. छत्तीसगडच्या माणसाला हा नजरेचा खेळ परका नाही. सरगुजा जिल्ह्यात मैनपाटला 'उलटा पानी' नावाची जागा आहे, जिथे पाण्याचा ओहळ चक्क चढावर वाहताना दिसतो आणि लोक गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ती वर चढते का ते पाहत बसतात. पाणी अर्थातच खालीच वाहत असतं. आजूबाजूच्या जमिनीची ठेवण डोळ्याला फसवते. म्हणजे घाबरलेल्या माणसाचा अंदाज खरा नाही, आणि घरी आल्यावर फोटो दाखवणाऱ्याचाही नाही. खरा अंदाज खांबावरच्या निळ्या पाटीचा, कारण ती लावणारा भिऊन किंवा फुशारून लावत नाही, निदान तशी अपेक्षा असते.

आता उंचीचा प्रश्न, कारण खरा घोळ तिथे आहे. ठेल्यावरच्या मंडळींचं गणित असं की जितकं उंच तितकं अवघड. साडेतीन हजार मीटर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर एव्हरेस्ट उभं राहतं. वस्तुस्थिती पुष्कळदा उलटी असते आणि तिला कारण आहे. आल्प्सच्या दऱ्या हिमनद्यांनी कोरलेल्या आहेत. हिमनदी दरीचा तळ रुंद करते आणि भिंती उभ्या कापते. त्या भिंतींच्या वरच्या कडेला मात्र जुन्या, सौम्य जमिनीचे खांदे शिल्लक राहतात. म्हणून खाली गावाजवळ उतार उभा, अरुंद आणि झाडांमधून जाणारा, तर वर, झाडांची हद्द संपल्यावर, ऐसपैस मोकळं रान. त्याहून वर हिमनदी स्वतः पसरलेली असते आणि ती बहुतेक ठिकाणी आळशी म्हणावी इतकी सावकाश उतरते. सह्याद्रीत राहणाऱ्याला हे चटकन पटेल. पाचगणीच्या टेबल लँडवर पोरं घोड्यावर बसून दुडक्या चालीने फिरतात आणि त्याच पठाराच्या कडेला गेलं की खालची दरी बघून पोटात कालवतं. कारणं वेगळी, पाचगणीला लाव्हा आणि आल्प्सला बर्फ, पण वर सपाटी आणि बाजूला कडा हा बेत तोच.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे मॅटरहॉर्नच्या इटालियन बाजूचं ब्रॉय-चेर्विनिया. गाव २०५० मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या दीडपट उंचीवर. १९३६ साली तिथून प्लान मेझॉन नावाच्या पठारापर्यंत केबल कार गेली आणि काही वर्षांत ती ३४८० मीटरवरच्या प्लॅटो रोझापर्यंत पोचली. डोक्यावर ४४७८ मीटरचा मॅटरहॉर्न, जो चढताना दीडशे वर्षांत शेकडो माणसं दगावली. आणि त्याच्याच पायथ्याशी, त्याच आकाशाखाली, सुस्वभावी निळ्या-लाल उतारांचं जाळं. काळे उतार शोधावे लागतात. प्लॅटो रोझापासून गावापर्यंत येणारी वेंतिना नावाची उतरण प्रसिद्ध आहे. ती १४३० मीटर खाली येते, पण त्यासाठी आठ-दहा किलोमीटर घेते. सरासरी काढली तर उतार पंधरा-अठरा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आकड्याने निळा. मध्ये काही तुकडे उभे म्हणून रंग लाल. अशा उतरणीवरून आलेला माणूस घरी जाऊन "लाल केला" असं सांगू शकतो आणि त्यात असत्य काही नसतं. चेर्विनियाची सगळी भरभराट या एका सोयीवर उभी आहे, असं म्हटलं तर तिथल्या लोकांना वाईट वाटेल, पण हिशेबाची वही काढायला ते तयार होणार नाहीत.

पण हा उतार डोंगराने तसाच्या तसा दिलेला नसतो. डोंगराने दिलेला असतो नुसता कच्चा माल. नैसर्गिक बर्फ कधी कमरेपर्यंत भुसभुशीत, कधी वाऱ्याने कडक झालेला, कधी दुपारी वितळून रात्री काचेसारखा गोठलेला. आणि दिवसभरात हजारो लोकांनी तो घासून, ढकलून, खड्डे आणि उंचवटे करून ठेवलेला. हे सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पुन्हा सोपं दिसलं पाहिजे. म्हणून संध्याकाळी लिफ्ट बंद झाल्या की रात्रपाळी सुरू होते. रुंद पट्ट्यांवर चालणारी, दहा टनांच्या आसपास वजनाची यंत्रं उतारावर जातात. पिस्टनबुली हे त्यातलं सगळ्यांत ओळखीचं नाव, जर्मनीतल्या केसबोरर कंपनीचं. पुढचं पातं उंचवटे कापून खड्ड्यांत भरतं, मागचा दातेरी रूळ बर्फाची ढेकळं फोडून बारीक करतो आणि सर्वांत मागची फणी त्यावर बारीक उभ्या रेघा ओढते. फार उभ्या ठिकाणी तर यंत्रालाच वरच्या खुंटाला तारेने बांधावं लागतं. आतमध्ये ऑपरेटर, समोर दिव्यांचा झोत, काचेवर आदळणारी हिमफुलं आणि डब्यात जेवण. प्लांटमध्ये सी-शिफ्ट केलेल्या माणसाला यातलं काहीही समजावून सांगायला नको.

गंमत पुढे आहे. यंत्राने चुरलेला बर्फ लगेच वापरला तर तो पिठासारखा उधळतो. त्याला काही तास निवांत पडू द्यावं लागतं. तेवढ्या वेळात बर्फाचे कण एकमेकांना जिथे टेकतात तिथे, न वितळता, चिकटू लागतात. कणाकणात मान तयार होते आणि सकाळपर्यंत थर घट्ट होतो. ही क्रिया, म्हणजे सिंटरिंग, भिलाईत शेंबडं पोरही ओळखतं, कारण इथे त्या नावाचा अख्खा विभाग आहे. दल्ली राजहराच्या खाणींतून येणाऱ्या लोहखनिजाचा जो चुरा असतो तो तसाच ब्लास्ट फर्नेसमध्ये टाकला तर हवेची वाट बुजते. म्हणून सिंटर प्लांटमध्ये तो कोक आणि चुनखडीच्या चुऱ्याबरोबर तापवतात आणि कण एकमेकांना चिकटून ढेकळं बनतात. तिकडे हजार अंशांच्या वर, इकडे शून्याच्या खाली, पण चुऱ्याला चिकटवण्याची युक्ती एकच. तेव्हा भिलाईचा माणूस निळ्या उतारावर गेला तर त्याने परक्यासारखं बुजायचं काही कारण नाही. तो सिंटर प्लांटच्या थंड शाखेत उभा आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राजेंद्रप्रसादांनी इथल्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन केलं तेव्हा शेजारी जे सोव्हिएत तज्ज्ञ असतील, त्यांना बर्फाचं शास्त्र लहानपणापासून पायाखालून ठाऊक असणार. त्यांनी ते इथल्या उन्हात कुणाला सांगितलं नाही, हे मात्र समजण्यासारखं आहे.

सोपेपणाच्या कारखान्यात आणखी दोन खाती आहेत, ती भराभर सांगतो. एक लिफ्टचं. उतरायला सोपं असलं तरी चढायचं कुणी, हा प्रश्न १९३४ साली दावोसला ओढून नेणाऱ्या लिफ्टने आणि १९३६ साली अमेरिकेत सन व्हॅलीला खुर्चीच्या लिफ्टने सोडवला. ही खुर्ची युनियन पॅसिफिक रेल्वेच्या ज्या इंजिनिअरने काढली त्याने त्याआधी बोटीत केळ्यांचे घड चढवणारी सरकती आकड्यांची साखळी बनवली होती. आकड्याच्या जागी खुर्ची आली आणि केळ्याच्या जागी माणूस, बाकी बदल फारसा नाही. जळगावकरांनी या शोधावर हक्क सांगायला हरकत नसावी. दुसरं खातं खुद्द स्कीचं. १९९० च्या दशकात कमरेत बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद अशा स्की आल्या आणि वळण घेणं, जे पूर्वी वर्षानुवर्षांच्या तपश्चर्येने यायचं, ते नुसतं कडेवर झुकून जमायला लागलं. जुन्या खेळाडूंना याचा राग आहे. प्रेशर कुकर आला तेव्हाही कुणाला तरी राग आलाच असेल.

आता सगळ्यांत जोरदार आक्षेप. शुद्धतावादी म्हणतात की हे असं घडवलेलं, विंचरलेलं, पाट्या लावलेलं म्हणजे पर्वत नव्हेच. अस्सल स्कीइंग ते जे कुणी हात न लावलेल्या बर्फात होतं. हे म्हणणं ऐकायला फार रुबाबदार आहे, आणि त्याची तपासणी करायला आपल्याला आल्प्सला जायचीही गरज नाही, काश्मीर पुरे. गुलमर्गला गंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जवळपास सोडतो. तिथला बर्फ हात न लावलेला, जगभरातले पट्टीचे लोक त्यासाठी येतात आणि हिमस्खलनाची सूचना वाचूनच पुढे जातात. खाली गुलमर्गच्या मैदानात नवशिक्यांचे बोटभर उतार, जिथे पर्यटक भाड्याचे गमबूट घालून स्कीवर उभे राहतात, मागून एक जण धरतो, पुढून दुसरा फोटो काढतो आणि तिसरा पैसे मोजतो. म्हणजे अवघड भरपूर, बाळबोध भरपूर, आणि मधला तुकडा त्या मानाने तोकडा. का? तर निसर्गाने दोन टोकं दिली, आणि मधलं बनवायला यंत्रं, पाट्या, गस्त आणि रात्रपाळी लागते. उत्तराखंडात औलीला तो मधला उतार मुद्दाम घडवला गेला. बर्फ दाबायची यंत्रं आणली, कृत्रिम बर्फाच्या तोफा बसवल्या, आणि २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा तिथे होऊ शकल्या. शुद्धतावाद्यांचं म्हणणं खरं धरलं तर गुलमर्गचा दुसरा टप्पा पाहून देशभर स्कीइंग पसरायला हवं होतं. ते पसरलं नाही, कारण पहिल्या पायरीनंतर एकदम बाविसावी पायरी आली तर माणूस जिना सोडून घरी जातो.

शुद्ध वेगाचं काय होतं हेही त्याच मॅटरहॉर्नवर दिसलं. स्वित्झर्लंडच्या झरमॅटकडून सुरू होऊन इटलीच्या चेर्विनियाकडे संपणारी, दोन देशांतली अशी जागतिक चषकाची शर्यत आखली गेली. जगातले सर्वांत वेगवान खेळाडू हिमनदीवरून खाली झेपावणार होते. २०२२ मध्ये बर्फ पुरेसा नाही म्हणून सगळ्या फेऱ्या रद्द झाल्या. २०२३ मध्ये मार्ग तयार करताना हिमनदीवर खोदकाम करणाऱ्या यंत्रांचे फोटो छापून आले, सरकारी यंत्रणेने काही भागातलं काम थांबवलं, आणि शेवटी बर्फ आणि वारा यांनी मिळून त्याही वर्षीच्या सगळ्या फेऱ्या बुडवल्या. पुढे हा बेतच कार्यक्रमातून निघाला. इतक्या गाजावाजानंतर एकही शर्यत झाली नाही, आणि त्याच डोंगरावर पोट सुटलेली, टोपी कानावर ओढलेली, बायकोच्या सूचनांकडे दुर्लक्ष करणारी माणसं निळ्या उतारावरून त्या दोन्ही हिवाळ्यांत खाली आली.

यावरून कुणी असा समज करून घेऊ नये की निळा उतार निर्दोष आहे. या कारखान्यालाही पाणी लागतं, वीज लागते, डिझेल लागतं. तोफांसाठी तलाव खोदावे लागतात आणि ज्या हिमनद्यांवर हा उद्योग चालतो त्या दर उन्हाळ्यात मागे हटत आहेत. धूर सोडणाऱ्या गावात राहून हे दुसऱ्याला सुनावण्याचा अधिकार आपल्याला कितपत, हा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवतो. शिवाय उंचीचे काही त्रास सोपेपणाने झाकले जात नाहीत. प्लॅटो रोझाला हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांश उरतो, त्यामुळे चार वळणं घेतली की भिलाईतल्या सेक्टर-नऊच्या दवाखान्याची आठवण येऊ लागते. त्याहून वाईट म्हणजे ढग. झाडं नसल्यामुळे वर सावली पडायला काही नसतं. ढगाळ दिवशी पांढरी जमीन आणि पांढरं आकाश एक होतं आणि समोर चढ आहे, खड्डा आहे की सपाटी, हेच कळत नाही. उलटा पानीवर निदान पाणी तरी दिसतं. अशा वेळी कडेने रोवलेले खांब मोजत, एकाकडून दुसऱ्याकडे, असं खाली यावं लागतं आणि त्या खांबांची रेघ ओलांडली की हिमनदीच्या भेगा असतात. तेव्हा उंचावर सोपेपणा मिळतो तो खांबांच्या आत, हवा चांगली असताना आणि यंत्र फिरून गेलेलं असताना. एवढ्या अटी ज्याला लागू आहेत तो माल मामुली कसा?

उरला आपल्या सहलीचा प्रश्न. युरोप दौऱ्यात मराठी माणूस टिटलिसला जातो, गोल फिरणाऱ्या केबल कारमधून वर पोचतो, शाहरुख-काजोलच्या पुठ्ठ्याशेजारी उभा राहतो, मूठभर बर्फ जावयाच्या कॉलरमध्ये टाकतो आणि पाऊण तासात खाली येतो. त्याला स्की बांधून निळ्या उतारावर सोडायला तेवढा वेळ पुरत नाही. आधी दोन-तीन दिवस बाळउतारावर, टाचा बाहेर आणि बोटं आत करून थांबायला शिकावं लागतं. पण जो शिकतो त्याच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे, जी ठेल्यावर कुणी सांगत नाही. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे वागणुकीचे दहा नियम आहेत आणि त्यातला तिसरा म्हणतो की मागून येणाऱ्याने आपला मार्ग असा निवडावा की पुढच्याला धोका पोचणार नाही. सिविक सेंटरच्या रस्त्यावर नियम याच्या नेमका उलटा चालतो. मागचा हॉर्न देतो आणि पुढचा जीव वाचवतो. निळ्या उतारावर मात्र सगळे काळे, लाल, शूर, वेगवान लोक कायद्याने आपल्या मागे, आणि आपण संथपणे, पूर्ण रुंदी वापरून, डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे जात असतो; त्यांनी जपायचं. फक्त सहावा नियम लक्षात ठेवायचा, अरुंद जागी किंवा वळणाआड, जिथे मागच्याला दिसत नाही, तिथे विनाकारण थांबू नये. आणि बत्तीस जणांचा ग्रुप फोटो हे त्या नियमात सबळ कारण धरलेलं नाही, मग मॅटरहॉर्न कितीही बरोबर मधोमध येत असो.